उजव्या दिव्यातलं दव

६ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पस्तीस वर्षं पंपघरात काढल्यावर कान शिल्लक राहत नाहीत. शिवाय बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. या पत्राची नक्कल मी कार्बन लावून वहीत ठेवली आहे. तुम्हीही उत्तर लेखीच द्यावं, ही विनंती.

मुद्द्यावर येतो. अपघाताला आज नऊ दिवस झाले. माझ्या मुलीचं मनगट मोडलं, कपाळाला पाच टाके पडले, आणि गाडी नेमकी कशाला धडकली हे मला अजून कुणी धड सांगितलेलं नाही. चिऊ म्हणते, कुत्रं आडवं आलं. जावईबापू म्हणतात, रस्त्याच्या कामाची खडी पडली होती, ती दिसली नाही. कुत्रं की खडी? दोघंही एकाच गाडीत शेजारी-शेजारी बसले होते ना? रस्ता सरळ, वेळ संध्याकाळी साडेसातची.

आणि 'दिसली नाही' म्हणजे काय? त्या गाडीचे पुढचे दोन्ही दिवे मी स्वतःच्या हातानं बनवून दिलेत. जुने दिवे म्हणजे नुसत्या चिमण्या होत्या. मी ते काढले, घरच्या ओव्हनमध्ये गरम करून कडेचा गोंद मऊ केला, काच सोडवली, आत भिंगाचे नवे दिवे बसवले आणि पुन्हा सील केलं. मग मागच्या रबरी नळीला बूच लावून तासभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवले. एक बुडबुडा आला नाही. तेव्हाच बूच काढून गाडीला चढवले. त्या उजेडात शंभर पावलांवरची खडी दिसते, मी मोजून पाहिलं आहे.

तेव्हा मला सांगा, तुमच्या मुलाला ती का दिसली नाही? तो शाळेची बस चालवतो. चाळीस मुलांना नेणारा माणूस सरळ रस्त्यावर ढिगावर गाडी घालतो, तेव्हा कुठंतरी पाणी मुरतंय. मी कुणावर आरोप करत नाही. पण खरं कळलं नाही तर मी येऊन चिऊला इकडे घेऊन जाईन, आणि मग ती परत कधी येईल ते मी आज सांगू शकत नाही.

आपला,
चिऊचा बाबा


१० नोव्हेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार घ्या, आणि आधी जरा पाणी प्या. तुमचं पत्र मी लॉन्ड्रीच्या काउंटरवर उभी राहून वाचलं आणि शर्टाच्या कॉलरवर इस्त्री तशीच राहिली. कॉलर गेली. शर्ट बँकेतल्या साहेबांचा आहे. त्यांना काय सांगू, आमच्या व्याह्यांचं पत्र आलं होतं?

सून माझी आहे, जितकी तुमची लेक आहे तितकीच. तिची वेणी सध्या मी घालते, घास करून मी देते. "घेऊन जाईन" म्हणायला ती काय तुमच्याकडून दुरुस्तीला आलेला पंप आहे?

आता कुत्र्याचं आणि खडीचं. खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते आलं होतं. मी दोघांना वेगवेगळं विचारलं. सून म्हणाली, "आई, झालं ते झालं, आता नको." माझा मुलगा तर तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणापासून आम्ही त्याला मौनीबाबा म्हणतो. त्याला खोदून खोदून विचारलं तर म्हणाला, "चूक माझी आहे." एवढंच. आणि उठून अंगणात गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

गाडी आमच्या दारातच आहे. डावी बाजू चेपलीय, डावा दिवा फुटून गेलाय. उजवा धड आहे. पण एक गोष्ट सांगते, तुम्ही दिव्यांचा विषय काढलात म्हणून. त्या उजव्या दिव्याच्या आत पाणी आहे. म्हणजे बादलीभर नव्हे हो. काचेला आतून बारीक थेंब, डाळीएवढे, आणि खाली कडेला ओघळून जमलेलं चमचाभर. सकाळी तर काच पांढरी होते, आत भिंग आहे का नाही तेही दिसत नाही. हे असंच असतं का?

सुनेचं दुखणं कमी आहे. जेवते नीट. काळजी करू नका, आणि लगेच पिशवी भरू नका.

विहीण


१३ नोव्हेंबर

विहीणबाई,

असं नसतं. मुळीच नसतं.

तुम्ही सहज लिहून गेलात, पण मला त्या ओळीनंतर झोप नाही. माझ्या सीलमधून पाणी आत जाऊ शकत नाही. बोअरच्या पाण्यात तीनशे फूट खाली चालणाऱ्या मोटरी मी सील केल्यात. एकही पाण्यानं जळली नाही, कार्यालयात नोंद आहे. आत पाणी आहे याचा एकच अर्थ. तो दिवा माझ्यानंतर कुणीतरी उघडला.

आणि का उघडला? उघडावा लागला म्हणून. माझा अंदाज असा, की २८ तारखेचा अपघात पहिला नाही. त्याआधी एकदा गाडी कुठंतरी ठोकली, दिवा तडकला, कुठल्यातरी गॅरेजात गुपचूप बसवून घेतला आणि आम्हा दोघांना ताकास तूर लागू दिली नाही. "चूक माझी आहे" हे वाक्य एका अपघातापुरतं मला वाटत नाही.

कृपा करून दिव्याची काच आणि मागचा डबा जिथं जुळतात तिथं नखानं चाचपून पाहा. ओरखडा आहे का? माझा गोंद काळा आहे, दुसरा रंग दिसतो का? स्क्रूच्या डोक्यावर नवे चरे आहेत का?

आणखी एक. लिहिताना बोट अडतं, पण लिहितो. तो संध्याकाळी येतो तेव्हा त्याच्या तोंडाला वास असतो का, हे आई म्हणून तुम्हाला कळलंच पाहिजे. तुम्ही म्हणाल, हा माणूस संशयी आहे. आहे. चिऊची आई गेल्यापासून मला एकच माणूस उरलंय. तिच्या बाबतीत मी डोळ्यांत तेल घालूनच बसणार.

आपला,
चिऊचा बाबा


१५ नोव्हेंबर

मा. व्यवस्थापक, शालेय बस विभाग

महोदय,

आपल्या पाच क्रमांकाच्या बसच्या चालकाच्या खासगी गाडीला गेल्या महिन्यात अपघात झाला. त्याची कारणं घरातली माणसं वेगवेगळी सांगतात. चालकानं त्या वेळी मद्य घेतलं होतं किंवा नाही, याची कुणीही तपासणी केलेली नाही. ते रोज चाळीस मुलांची ने-आण करतात. माझा कुणावर आरोप नाही. योग्य ती चौकशी व्हावी, इतकाच हेतू.

एक हितचिंतक


२२ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

उशीर झाला. का झाला ते शेवटी सांगते, आधी तुमची कामं.

मुलाच्या तोंडाचा वास घेतला. सरळ कसा घेणार? "तुझी दाढ किडल्यासारखी दिसते, आ कर बघू," म्हटलं. चौतीस वर्षांचा माणूस बिचारा दिव्याखाली आ करून उभा राहिला. चहाचा वास आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, चहाच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आई, दाढ दुखत नाहीये, तू काय शोधतेयस ते सांग." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे तुमच्यामुळे.

दिव्याची कड चाचपली. ओरखडा नाही, गोंद सगळा काळा, स्क्रू जसेच्या तसे. म्हणजे तुमचा गुपचूप गॅरेजवाला तर गेला. पण मागे ती वाकडी रबरी नळी आहे ना, करंगळीएवढी, तिच्या तोंडात काहीतरी पारदर्शक, घट्ट भरलंय. रबरासारखं. ते तुमचं का?

आणि आता तुमचा किडा माझ्याही डोक्यात शिरलाय. मुलाच्या टेबलाचा खालचा खण कुलूपबंद आहे. आमच्या घरात कधी कुठल्या खणाला कुलूप नव्हतं. मी किल्ली मागितली तर सून आणि तो एकमेकांकडे बघायला लागले. "त्यात काही नाही," असं दोघंही एकदम म्हणाले. काही नाही त्याला कुलूप कशाला?

आता उशिराचं कारण. मुलाला कामावरून घरी बसवलंय. ऑफिसात निनावी पत्र गेलं, की हा पिऊन गाडी चालवतो. चौकशी होईपर्यंत बस नाही. अकरा वर्षं त्याच्या बसला साधा ओरखडा नाही हो. सकाळी साडेसहाला त्याचे डोळे आपोआप उघडतात, गणवेश घालतो, मग आठवतं आणि पुन्हा काढून ठेवतो. हे मी रोज बघते.

पत्र कुणी लिहिलं ते मला माहीत आहे. तीन नंबरच्या बसचा चालक. पाच नंबरचा रस्ता सोपा, म्हणून त्याचा कधीचा डोळा आहे. त्याच्या घरचे कपडे मी आजपासून धुवायला घेत नाही. गठ्ठा आणला होता, तसाच परत पाठवला. उद्या भेटला तर चार लोकांत विचारणार आहे.

विहीण


२५ नोव्हेंबर

विहीणबाई,

वाईट वाटलं. पण चार लोकांत कुणाला काही विचारू नका. पुरावा नसताना एखाद्याचं नाव घेणं बरं नव्हे. पत्र कुणीही लिहिलं असेल. मुलांच्या पालकांपैकीही कुणी असेल. आणि चौकशी झाली तर बिघडलं कुठं? माणूस स्वच्छ असेल तर स्वच्छच ठरेल. चार दिवस घरी बसावं लागलं, एवढंच.

नळीत भरलेलं रबरासारखं काय ते मला आठवत नाही. मी दिवे दिले तेव्हा नळ्या मोकळ्या होत्या, हे नक्की. म्हणजे मागे कुणाचा तरी हात लागलाच आहे. माझं तेच म्हणणं होतं.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट तुम्ही ओझरती लिहिलीत. कुलूप. दोघं एकमेकांकडे बघतात, दोघं एकदम बोलतात. चिऊ माझ्याशी आजवर एकदाही खोटं बोललेली नाही. ती आता बोलत असेल तर कुणाच्या तरी धाकानं बोलतेय. तो खण उघडा, विहीणबाई. आई आहात, तुमचा हक्क आहे. मी पाच तारखेच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलं आहे. खणात काय निघतं त्यावर चिऊ इकडे येणार की नाही हे ठरेल.

आपला,
चिऊचा बाबा


१ डिसेंबर

व्याहीबुवा,

उघडला खण. मुलगा सुनेला हाडाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता, तेव्हा इस्त्रीच्या वायरीचा तुकडा घालून उघडला. चोरासारखं कान टवकारून उघडला. आत बाटली नव्हती. दुसऱ्या बाईची चिठ्ठी नव्हती. एकच पाकीट होतं, आणि त्यावरचं अक्षर मी चांगलं ओळखते, कारण महिनाभर मी त्याच अक्षराला उत्तरं लिहितेय. आत होतं ते जसंच्या तसं उतरवते:

"९ ऑक्टोबर. जावईबापूंस आशीर्वाद. दिव्यात सकाळी धुकं धरतं असं तुम्ही लिहिलंत. घाबरण्याचं कारण नाही. मागे जी वाकडी रबरी नळी आहे तिच्यातून दमट हवा आत शिरते. कंपनीनं ती का ठेवली कोण जाणे. मी पस्तीस वर्षं एकच धडा शिकलो आहे, भोक दिसलं की बुजवायचं. दोन्ही नळ्या सिलिकोननं गच्च भरा. कुणा गॅरेजवाल्याचं ऐकू नका, ते कामं काढतात. मी सांगतो तेवढं करा."

तुमची वही काढा आणि नक्कल ताडून बघा.

आता मला पंपातलं काही कळत नाही, पण वाफेतलं कळतं. सव्वीस वर्षं वाफेत उभी आहे. थंडीत दुकानाच्या खिडक्या सगळ्या बंद केल्या की काचांवरून पाणी ओघळतं. ते पाणी बाहेरून येत नाही हो, आतलंच असतं. वरची फळी दोन बोटं उघडली की पाव तासात काच कोरडी. तुमच्या मोटरी पाण्यात बुडून राहतात, त्यांना भोक नको. दिवा हवेत असतो. तापतो, निवतो. आतली दमट हवा त्या नळीतून बाहेर जायची, तीच वाट तुम्ही बंद करायला लावलीत.

बोलून थांबले नाही. उजव्या दिव्याच्या नळीतलं सिलिकोन हेअरपिननं कोरून काढलं, मागचं झाकण उघडलं, केस वाळवायच्या मशीननं अर्धा तास हवा मारली, झाकण लावलं. आज चौथा दिवस. सकाळची थंडी तीच आहे आणि काचेवर एक थेंब नाही.

मग दोघांना समोर बसवलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. सून रडायला लागली. त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता, दोन्ही दिव्यांचा उजेड आतल्या थेंबांवरच विखरून पांढरा झाला होता, रस्ता दिसेना. घर चार मिनिटांवर राहिलं म्हणून हळूहळू जाऊ म्हणाले, आणि ढीग आला. दवाखान्यात घाईघाईत दोघांनी ठरवलं की बाबांना दिव्याचं सांगायचं नाही. काय सांगायचं ते मात्र ठरवायचं राहिलं. म्हणून एकाचं कुत्रं आणि एकाची खडी.

मुलाला विचारलं, का रे? तेव्हा आमचा मौनीबाबा जन्मात बोलला नाही इतकं बोलला. म्हणाला, "आई, ते दिवे करताना त्यांनी मला बोलावून घेतलं होतं. सासूबाई गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांनी हत्यारांची पेटी उघडली होती. माझ्या दिव्यांनी माझ्या मुलीचा हात मोडला असं त्यांना कळलं तर ते पेटी पुन्हा उघडणार नाहीत. बस चालवणारा मी आहे. दिसत नव्हतं तर थांबायला हवं होतं. म्हणून चूक माझीच."

तुम्हाला तिकीट रद्द करायचं असेल तर करा. यायचं असेल तर या. मला तुमचा राग आलाय, आणि तुमची कीवही येतेय. दोन्ही एकदम.

विहीण


४ डिसेंबर

विहीणबाई,

नक्कल ताडून पाहिली. शब्द न् शब्द तोच. मी ते पत्र लिहिल्याचं मला आठवतच नव्हतं. माझ्या दृष्टीनं ते इतकं उघड होतं, की लिहिलं, पोस्टात टाकलं आणि विसरलो.

तरीही मन मानेना. भंगारवाल्याकडून तसलाच एक जुना दिवा आणला, सिलिकोननं त्याची नळी बुजवली, बल्ब पेटवून तापवला आणि थंड पाण्याचं फडकं काचेवर टाकलं. दहा मिनिटांत काच आतून घामाघूम झाली. नळी मोकळी करून पुन्हा तेच केलं. थोडं दव आलं आणि गेलं. नव्या भिंगाचा दिवा तर तापतही नाही तितका, म्हणजे आतलं वाळायला आणखी उशीर. हे मला कळायला हवं होतं. ज्याला कळत होतं त्या गॅरेजवाल्याचं ऐकू नका असं मीच लिहिलं.

आता जे लिहितो ते वाचून तुम्ही माझं तोंड पाहणार नाही म्हणालात तरी चालेल. तीन नंबरच्या बसच्या चालकानं काही केलेलं नाही. ते निनावी पत्र माझं आहे. पंधरा तारखेला लिहिलं. त्याची नक्कलही वहीत आहे, तुम्हाला लिहिलेल्या पत्राच्या नकलेच्या मागच्याच पानावर. तुम्ही त्या माणसाला चार लोकांत विचारणार म्हणालात तेव्हाच हे कबूल करायला हवं होतं, पण मी शहाजोगपणे तुम्हालाच उपदेश केला. मला माझी लाज वाटते.

व्यवस्थापकांना आज दुसरं पत्र लिहितोय. तिकीट रद्द केलं आहे. कोणत्या तोंडानं येऊ?

चिऊचा बाबा


४ डिसेंबर

मा. व्यवस्थापक, शालेय बस विभाग

महोदय,

१५ नोव्हेंबरचं 'एक हितचिंतक' या सहीचं पत्र मी लिहिलं होतं. मी पाच क्रमांकाच्या चालकाचा सासरा. त्या पत्रातल्या मद्याच्या उल्लेखाला कसलाही आधार नव्हता. माझ्या जावयाला मी कधी प्यालेलं पाहिलेलं नाही, कुणी पाहिल्याचं ऐकलेलंही नाही.

गाडीचे दिवे मी बनवले होते. त्यात धुकं धरू लागलं तेव्हा हवेची नळी बुजवायला मीच लेखी सांगितलं होतं. त्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. धुक्यामुळे उजेड पडला नाही आणि अपघात झाला. माझी चूक झाकण्यासाठी चालकानं ती स्वतःवर घेतली आणि मी त्यालाच संशयित ठरवलं. चौकशी करायची तर माझी करावी. बोलवाल तेव्हा हजर राहीन. मला ऐकू कमी येतं, प्रश्न लेखी द्यावेत.

आपला,
पंप फिटर (निवृत्त)


१४ डिसेंबर

ती. बाबांना नमस्कार.

मला एवढं लांब पत्र लिहायची सवय नाही. सांभाळून घ्या.

सोमवारपासून बस परत मिळाली. पहिल्या थांब्यावरच्या मुलीनं विचारलं, काका, तुम्ही आजारी होता का? मी हो म्हटलं.

साहेबांनी बोलावून तुमची दोन्ही पत्रं समोर ठेवली. दुसरं मी मागितलं, त्यांनी झेरॉक्स काढून दिली. पहिलं काढून टाकता येईल का, असंही विचारलं. फाईलला लागलेला कागद काढता येत नाही, असा नियम आहे म्हणाले. त्यामुळे दोन्ही तिथं राहतील. एकामागे एक लावलेत, वाचणारा दोन्ही वाचेल.

आईनं तुमचं चार तारखेचं पत्र मला दिलं. हिला दाखवलेलं नाही. निनावी पत्र कुणाचं ते हिला माहीत नाही. ही अजून तीन नंबरवाल्याचंच नाव घेते. आईनं त्याच्या घरचे कपडे परत घ्यायला सुरुवात केली आणि स्वतः जाऊन गठ्ठा घेऊन आली, तर ही आईवर चिडली. आई मूग गिळून गप्प बसली. तुम्हीही हिला काही सांगू नका. तुम्हाला तीच एक आहे. तिच्या मनातून तुम्ही उतरलात तर मला ते बघवणार नाही.

तुम्ही सगळं खरं लिहिलंत म्हणून मीही एक लिहितो. मला घरी बसवलं त्या संध्याकाळी हिनं मला विचारलं, "तू कधी पिऊन बस चालवली आहेस का?" मी नाही म्हटलं. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण त्या दिवशी विचारलं होतं. मी घरी आलो की ती अजून जवळ येऊन क्षणभर थांबते. कदाचित तसं नसेलही, मलाच वाटत असेल.

हात चांगला जुळलाय. प्लास्टर काढलं. डावा दिवा नवीन बसवायचा आहे, गॅरेजवाला साधा कंपनीचा बसवू म्हणतो. मी थांबायला सांगितलंय. तुम्ही पेटी घेऊन आलात तर बरं होईल.

तुमचा,
जावई


१८ डिसेंबर

चिऊ,

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावानं पाठवतोय. बसून वाच.

तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसात निनावी पत्र पाठवणारा तीन नंबरचा चालक नाही. तो मी आहे. १५ नोव्हेंबरला, आपल्या जेवणाच्या टेबलावर बसून, शांत डोक्यानं लिहिलं. तो प्यालेला असेल असं त्यात सुचवलं. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. तसं वाटण्यासारखं त्यानं काही केलेलंही नव्हतं. तुझा हात मोडला, आणि त्याला कारण म्हणून मला कुणीतरी माणूस हवा होता. तो गप्प बसतो, म्हणून तो सापडला.

दिव्याचं तुम्ही माझ्यापासून का लपवलंत ते कळलं. त्या निनावी पत्राचंही तुला सांगू नका असं त्यानं मला लिहिलंय. त्याला सासऱ्याची अब्रू सांभाळायची आहे. एवढं मात्र मी त्याचं ऐकत नाही. त्याला सांग, रागावू नकोस म्हणावं.

तुला सगळ्यांनी अंधारात ठेवलं तर मी अजून काही वर्षं तुझा चांगला बाबा राहीन, हे मला कळतं. मोह झाला होता. दोन दिवस पाकिटावर पत्ता न घालता बसलो होतो. पण मग तू त्याला विचारलेलं ते एक वाक्य तुमच्या घरात कायम राहील. त्यानं नाही म्हटलं तरी राहील. तो रोज कामावरून येईल आणि तू रोज क्षणभर थांबशील.

चिऊ, तो प्रश्न तुझा नव्हता. तो मी तुझ्या तोंडात घातला. आज तो घरी आला की त्याला हे सांग, आणि मग तुला माझ्याशी बोलायचं आहे की नाही ते तुझं तू ठरव.

बाबा